तात्पर्य शोधण्याची रीत

मराठीचा अध्यापक म्हणून मी किती उत्तरपत्रिका तपासल्या याची मोजदाद ठेवलेली नाही. पण त्यांतले एक उत्तर मला पाठ झाले आहे. कवितेचा विषय : निसर्ग. मध्यवर्ती कल्पना : निसर्गाचे सौंदर्य. संदेश : निसर्गाचे जतन करावे. कविता बालकवींची असो, बोरकरांची असो की महानोरांची, हे उत्तर बदलत नाही. गद्याचेही तसेच. कथा खेड्यातली असेल तर 'ग्रामीण जीवनाचे दर्शन', शहरातली असेल तर 'महानगरीय जीवनातील एकाकीपणा', आणि आई असेल तर 'मातृप्रेमाची महती'.

दहावीच्या कृतिपत्रिकेत विषय, मध्यवर्ती कल्पना आणि संदेश हे मुद्दे वेगवेगळे दिलेले असतात, म्हणजे प्रश्न काढणाऱ्याने त्यांत फरक मानलेला आहे. तो फरक कोणता, हे लिहिणाऱ्याला मात्र क्वचितच कोणी सांगते. मग तो एकच शब्द तीन घरांत फिरवतो. हीच मुले महाविद्यालयात येतात तेव्हा आम्ही त्यांना 'आशयसूत्र' ही भारदस्त संज्ञा देतो. त्यानंतर ती 'निसर्ग' न लिहिता 'मानव आणि निसर्ग यांच्यातील अतूट नाते' असे लिहू लागतात. शब्द वाढतात, पण वाचन तेवढेच राहते.

आशयसूत्र ओळखणे ही काही मोजक्या संवेदनशील मुलांना लाभलेली देणगी आहे, असा समज आमच्या अध्यापक मंडळींतही आहे. मला तो खरा वाटत नाही. आशयसूत्र शोधण्याची रीत असते आणि ती शिकवता येते. विशेष म्हणजे ती रीत आपल्या परंपरेत फार पूर्वी नेमकेपणाने मांडलेली आहे आणि मराठी गद्याच्या एका मोठ्या ग्रंथात ती प्रत्यक्ष वापरलेली आहे. ती वर्गात का उतरली नाही, उतरवली तर काय होते आणि ती कोठे अपुरी पडते, हे या लेखात पाहायचे आहे. पण त्याआधी माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो, कारण या लेखाचे मूळ तिथे आहे.

१

बऱ्याच वर्षांपूर्वी द्वितीय वर्षाच्या वर्गाला मी बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा शिकवत होतो. १९६३ साली आलेल्या बागुलांच्या पहिल्या कथासंग्रहाचेही हेच नाव आहे. चाचणी परीक्षेत मी प्रश्न दिला : 'या कथेचे आशयसूत्र स्पष्ट करा.' गुण पाच. उत्तरात काय असायला हवे ते माझ्या वहीत लिहिलेले होते : जातिव्यवस्थेची दाहकता, दलितांची कुचंबणा, विद्रोहाची जाणीव. बहुतेकांनी हे मुद्दे कमीअधिक शब्दांत लिहिले आणि साडेतीन-चार गुण मिळवले.

एका मुलीने मात्र तीनच वाक्ये लिहिली होती. त्यांचा मथितार्थ असा : कथेचे नाव सांगते की चोरी झाली आहे, पण ज्याने चोरी केली असे म्हटले आहे, त्याचेच सगळे गेलेले आहे. म्हणून ही गोष्ट चोर कोणाला म्हणायचे याची आहे.

मी तिला दोन गुण दिले आणि लाल शाईने शेरा मारला, 'मुद्दे अपुरे.' ती विचारायला आली. कोणते मुद्दे राहिले ते मी वहीतून वाचून दाखवले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "पण सर, हे तर सगळ्याच दलित कथांबद्दल लिहिता येतं. मग हीच कथा कशाला वाचायची?"

मी काहीतरी उत्तर दिले. काय दिले ते आठवत नाही, म्हणजे ते आठवण्यासारखे नव्हते. गुण तेच राहिले. प्रश्न मात्र पुढे कित्येक वर्षे माझ्याबरोबर राहिला, कारण तो बिनतोड होता. जे आशयसूत्र शंभर कथांना लावता येते, ते त्या कथांपैकी एकीचेही नसते. ते फार तर त्या कथा ग्रंथालयात कोणत्या कपाटात ठेवायच्या याची चिठ्ठी असते.

२

त्या प्रश्नाचे उत्तर मला अनपेक्षित ठिकाणी सापडले. निबंधगद्यावर व्याख्यान द्यायचे होते म्हणून मी 'गीतारहस्य' पुन्हा वाचायला घेतले. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेला टिळकांचा हा ग्रंथ आपण तत्त्वज्ञानाचा म्हणून वाचतो, किंवा राजकारणाचा म्हणून. पण त्याच्या पहिल्या, 'विषयप्रवेश' या प्रकरणात टिळकांपुढे असलेला प्रश्न वाङ्मयाच्या अध्यापकाचाच आहे : एखाद्या ग्रंथाचे तात्पर्य कोणते हे ठरवायचे कसे? गीतेवरच्या प्रत्येक टीकाकाराला तिच्यात आपल्याच संप्रदायाचे मत सापडते. मग त्यांतले गीतेचे कोणते आणि टीकाकाराचे कोणते?

टिळक यासाठी मीमांसकांची कसोटी घेतात. मीमांसाशास्त्राने तात्पर्यनिर्णयाची सहा चिन्हे सांगितली आहेत. पहिले, उपक्रम आणि उपसंहार, म्हणजे ग्रंथाचा आरंभ आणि शेवट. दुसरे, अभ्यास, हा शब्द इथे पुनरुक्ती या अर्थी आहे, म्हणजे ग्रंथात पुन्हा पुन्हा काय येते. तिसरे, अपूर्वता, म्हणजे अन्यत्र न मिळणारे असे या ग्रंथात काय आहे. चौथे, फल, म्हणजे सगळ्याचा परिणाम काय झाला. पाचवे, अर्थवाद, म्हणजे स्तुती, निंदा, दृष्टांत असा आनुषंगिक मजकूर, जो मुख्य प्रतिपादन नव्हे हे ओळखून बाजूला ठेवायचा असतो. आणि सहावे, उपपत्ती, म्हणजे बाकीच्या गोष्टींची संगती आपल्या निष्कर्षाशी नीट लागते का. टिळकांचा युक्तिवाद या चौकटीतून पुढे जातो. आरंभी अर्जुन लढायचे नाही म्हणून बसला आहे, शेवटी तो लढायला उभा राहतो. तेव्हा या दोन टोकांचा उलगडा ज्या अर्थाने होत नाही, तो गीतेचा अर्थ कसा म्हणायचा?

टिळकांचा निष्कर्ष सर्वांना पटला नाही, आणि पटलाच पाहिजे असेही नाही. माझे लक्ष त्यांच्या रीतीकडे गेले. वर्गात आम्ही जे 'जाणवले पाहिजे' म्हणून सोडून देत होतो, ते इथे पायऱ्या पाडून मांडलेले होते. आणि तिसऱ्या पायरीवर त्या मुलीचा प्रश्न उभा होता. 'मग हीच कथा कशाला वाचायची?' याचे शास्त्रीय नाव अपूर्वता.

३

'तात्पर्य' हा शब्द तर प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असतो. मग त्याच्यामागची ही रीत वर्गात का नाही? याचे एक कारण मला त्या शब्दाच्या प्रवासात दिसते. 'तत्पर' म्हणजे त्याच्याकडे लागलेला, वळलेला. त्यावरून तात्पर्य, म्हणजे सगळ्या वाक्यांचा रोख ज्या दिशेला आहे ते. मीमांसकांच्या दृष्टीने तो रोख संपूर्ण ग्रंथात पसरलेला असतो आणि म्हणून तो शोधावा लागतो.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठीत छापील पुस्तके येऊ लागली तेव्हा त्यांत इसापच्या गोष्टी अगदी आरंभापासून होत्या. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी त्या मराठीत आणल्या आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या मुले त्या वाचत आली. या गोष्टींच्या शेवटी वेगळ्या ओळीत 'तात्पर्य' छापलेले असते. शब्द तोच राहिला, जागा मात्र बदलली. आधी तात्पर्य ग्रंथभर असे आणि शोधावे लागे. आता ते गोष्टीच्या शेवटी आयते मिळू लागले. गोष्ट न वाचताही ते पाठ करता येते, हा त्याचा परीक्षेच्या दृष्टीने मोठाच सोयीचा गुण.

पण इसापच्या गोष्टीसुद्धा त्या शेवटच्या ओळीत मावत नाहीत. लांडगा आणि कोकराची गोष्ट घ्या. तात्पर्य छापलेले असते की दुष्टाला निमित्त पुरते. ठीक आहे. पण वर्गात मी विचारतो, लांडग्याला कोकरू खायचेच आहे, तर तो कारणे देत का बसतो? पाणी गढूळ केलेस, गेल्या वर्षी शिवी दिलीस, तू नसशील तर तुझ्या बापाने दिली असेल. प्रत्येक कारण कोकरू खोडून काढते आणि तो नवे शोधतो. गोष्टीत पुन्हा पुन्हा येणारी बाब ही आहे. बळी घेणाऱ्यालाही न्यायाची भाषा बोलल्याशिवाय राहवत नाही, आणि ती भाषा अचूक बोलल्याने बळी जाणारा वाचत नाही. हे छापील तात्पर्याच्या विरोधात नाही. पण छापील तात्पर्य वाचून थांबणाऱ्याला ते कधी दिसणार नाही.

४

आता बागुलांच्या कथेकडे पुन्हा येतो. कथेच्या आरंभी निवेदक तरुण परक्या शहरात रेल्वेच्या नोकरीवर आला आहे. मनात उमेद आहे, कविता आहे, नव्या देशाबद्दलचा विश्वास आहे. शेवटी त्याला मारहाण झालेली आहे. मधल्या भागात पुन्हा पुन्हा काय येते? विचारणा. राहायला जागा हवी तर आधी जात सांगावी लागते. तो ती सांगत नाही, इतकेच त्याचे कृत्य. त्याच्या कवितेवर लुब्ध झालेला सहकारी त्याला गुरू मानू लागतो. या सगळ्यात त्याने कोणाचे काहीही घेतलेले नाही. तरीही शीर्षकातले क्रियापद चोरीचे आहे, आणि ते उच्चारणारा 'मी' स्वतः आहे. त्याच्याशेजारी दुसरा एक दलित कामगार आहे, जो जात लपवत नाही, अंगावर येणाऱ्याला शिंगावर घेतो आणि शेवटी निवेदकाला वाचवायला तोच येतो. मार खाल्लेला निवेदक मारणाऱ्या माणसांना दोष देत नाही. तो मनूकडे बोट दाखवतो.

या सर्वांची संगती 'जातिव्यवस्थेची दाहकता' या शब्दांनी लागत नाही. दाहकता तर आहेच, पण तो विषय झाला. कथा त्या विषयाबद्दल काय म्हणते? आपले सारे काही ज्याच्याकडून आधीच काढून घेतले आहे त्याला, माणूस म्हणून वागवून घेतल्याबद्दल, स्वतःलाच चोर म्हणावे लागते, असे काहीतरी ती म्हणते. 'चोर कोणाला म्हणायचे याची ही गोष्ट आहे,' हे त्या मुलीचे वाक्य याहून आटोपशीर होते. तिने शीर्षक आणि शेवट एकत्र धरून कथा वाचली होती. मी वहीतले मुद्दे वाचले होते.

दुसरे उदाहरण 'बनगरवाडी'चे. व्यंकटेश माडगूळकरांच्या १९५५ सालच्या या छोट्या कादंबरीबद्दल ठरलेले उत्तर म्हणजे 'ग्रामीण जीवनाचे वास्तव चित्रण'. थोडे पुढे जाणारी मुले लिहितात, 'शिक्षणामुळे होणारा खेड्याचा विकास'. यावर मी फक्त उपक्रम-उपसंहाराची कसोटी लावायला सांगतो. आरंभी कोवळ्या वयाचा मास्तर चालत एकटा वाडीकडे निघाला आहे. धनगरांची वस्ती, नावापुरती शाळा. हळूहळू लोक त्याच्याकडे शाळेबाहेरची कामे, कागदपत्रे, भांडणे घेऊन येऊ लागतात. सगळ्यांच्या श्रमातून तालीम उभी राहते, तिच्यासाठी राजेसाहेब वाडीत येतात. एका वर्षी एका मुलाने वर्गात विचारले, "विकासाची गोष्ट असेल तर कादंबरी तालमीपाशीच संपायला हवी होती ना? पुढं दुष्काळ कशाला आणला?"

फलाची आणि उपपत्तीची कसोटी त्याने कोणतेही नाव न घेता लावली होती. तालमीनंतर पाऊस दगा देतो, मेंढरे मरतात, माणसे पोटामागे निघून जातात, आणि रिकाम्या झालेल्या वाडीतून मास्तरही निघतो. म्हणजे कादंबरीचा रोख विकासाकडे नाही. त्या तासाला फळ्यावर दोन वाक्ये आली. एक : माणसे मिळून जे उभारतात ते टिकेल की नाही हे ज्या जमिनीवर ठरते, ती कोणाचे ऐकत नाही. दुसरे : वाडीला घडवायला आलेला मास्तर स्वतःच वाडीकडून घडतो, आणि घडून होईपर्यंत वाडी उरत नाही. कोणते अधिक बरोबर यावर मुले भांडली. भांडणात प्रत्येकाला पुस्तक उघडावे लागले. माझ्या मते त्या तासाची मिळकत ती होती.

५

ही रीत सगळीकडे सारखी चालत नाही, हेही सांगितले पाहिजे. बालकवींची 'औदुंबर' ही आठ ओळींची कविता तिची मर्यादा लगेच दाखवते. निळ्या पाण्याचा झरा, हिरवी बेटे, पलीकडे टेकडीकडे चार घरांचे गाव, शेतमळे, त्यांतून जाणारी पांढरी पायवाट, काळा डोह आणि त्या पाण्यात पाय सोडून बसलेला औदुंबर. इथे युक्तिवाद नाही, फल नाही. पण आरंभ आणि शेवट आहे, रंगांची पुनरावृत्ती आहे आणि वस्तूंचा क्रम आहे. मुलांना मी विचारतो, पायवाट कोणीकडे चालली आहे? ती गावाकडे नाही, डोहाकडे चालली आहे, हे लक्षात आले की वर्ग थोडा गप्प होतो. शिवाय झाडाला बसण्याचे, माणसाचे क्रियापद दिलेले आहे.

'निसर्गाचे सौंदर्य' हे उत्तर इथे बाद होते. कारण त्याने हा क्रम उलगडत नाही. सुंदर वस्तूंची यादीच द्यायची तर ती कोणत्याही क्रमाने देता आली असती. पण त्यानंतर दोन वाचने उरतात. कोणाला त्या बसण्यात योग्याची शांती दिसते, कोणाला मृत्यूच्या काठावरची उदासी. मराठी समीक्षेत या छोट्या कवितेवर इतके लिहिले गेले, त्याचे कारण हेच की दोन्हींना कवितेत आधार आहे. मीमांसकाला एकच तात्पर्य हवे असते. त्याच्यापुढे विधिवाक्य आहे आणि त्यावरून यज्ञात काय करायचे ते ठरवायचे आहे. दोन अर्थ निघाले तर कर्म अडते. कवितेवाचून काही अडत नाही, म्हणून ती दोन अर्थ एकत्र धरू शकते.

आपल्या साहित्यशास्त्रालाही हे माहीत होते. नवव्या शतकात आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त महाभारताचा मुख्य रस शांत आहे असे प्रतिपादन केले. त्यानेही शेवटाकडेच बोट दाखवले : वृष्णींचा नाश आणि पांडवांची विषण्ण अखेर. पण तो अर्थ कवीने उघड विधान म्हणून मांडलेला नाही, तो सूचित केला आहे, असे त्याचे म्हणणे. म्हणजे टोके तपासायची रीत जवळजवळ तीच, पण हाती लागते ते आज्ञा किंवा उपदेश नव्हे, ध्वनी. वर्गात मला या दोघांचीही गरज वाटते. मीमांसक मुलांना पुरावा मागायला शिकवतो, आणि पुरावा मिळाल्यावरही कविता संपलेली नाही याची आठवण आनंदवर्धन देतो.

याच्या उलट बाजूचाही एक आक्षेप आहे : साहित्याचा अर्थ ज्याचा त्याचा, मग कसोट्या कशाला? एक मुलगा म्हणाला होता, "मला औदुंबर वाचून आमच्या गावची विहीर आठवली." ते खरे होते आणि मोलाचेही होते. पण ती त्याची आठवण होती. ती दुसऱ्याला कवितेत दाखवता येत नव्हती. पायवाट डोहाकडे जाते हे कोणालाही दाखवता येते. आशयसूत्र म्हणजे दुसऱ्याला दाखवता येईल आणि दुसऱ्याला खोडता येईल असे विधान. आठवणीवर वाद होत नाही. म्हणून तिच्यावर वर्गही चालत नाही.

६

सहा चिन्हांचा शोध लागल्याच्या आनंदात मी पुढच्या वर्षी ती नावांसकट शिकवली. परिणाम उत्तरपत्रिकांत दिसला. 'या कथेचा उपक्रमोपसंहार अत्यंत प्रभावी असून…' अशी सुरुवात करून सहा ठळक मथळ्यांखाली सहा परिच्छेद, आणि शेवटी निष्कर्ष : 'अशा प्रकारे कथेतून जातिव्यवस्थेची दाहकता दिसते.' रीतही पाठ करता येते, हे माझ्या लक्षात आले नव्हते.

आता मी नावे सांगत नाही. सांगितलीच तर वर्षाच्या शेवटी. आधी फक्त प्रश्न असतात. सुरुवातीला काय होते आणि शेवटी काय आहे? पुन्हा पुन्हा काय येते? असे काय आहे जे दुसऱ्या कथेत सापडणार नाही? कोणाचे काय झाले? लक्ष वेधून घेणारे, पण काढले तरी चालेल असे काय आहे? आणि शेवटी, तुम्ही काढलेल्या अर्थात कोणती गोष्ट बसत नाही? हा शेवटचा प्रश्न मुलांना सर्वांत जड जातो, कारण आपल्याच उत्तराविरुद्ध पुरावा शोधायची सवय त्यांना कोणी लावलेली नसते.

याला जोडून एकच नियम ठेवला आहे : आशयसूत्र पूर्ण वाक्यात लिहायचे आणि त्या वाक्यात क्रियापद हवे. 'मातृप्रेम' चालणार नाही. मातृप्रेम काय करते, कोणाला काय करायला लावते, ते लिहा. नुसत्या नामाशी कोणी असहमत होऊ शकत नाही. क्रियापद आले की विधान होते, आणि विधान चुकू शकते. चुकण्याची शक्यता निर्माण झाल्याशिवाय शिकणे सुरू होत नाही, असा माझा अनुभव आहे.

गुणांचेही थोडे बदलले. पाचांपैकी दोन गुण विधानाला, तीन त्याच्या आधारांना. माझ्या विधानापेक्षा वेगळे विधान असले तरी आधाराचे तीन गुण मिळू शकतात. तपासायला वेळ जास्त लागतो, हे खरे. एका बैठकीत पन्नास उत्तरपत्रिका होत नाहीत, आणि मोठ्या परीक्षांत हे कितपत जमेल याबद्दल मला शंका आहे. तिथे हजारो उत्तरपत्रिका अनेक हातांनी तपासायच्या असतात आणि सर्वांना एकच माप लागते. ठरलेल्या मुद्द्यांची यादी त्या गरजेतून येते, कोणाच्या दुष्टाव्यातून नव्हे. पण निदान वर्गातल्या चाचणीत ती यादी बाजूला ठेवणे आमच्या हातात आहे.

त्या मुलीला मी दिलेले दोन गुण आता बदलता येत नाहीत. त्या उत्तरपत्रिका केव्हाच रद्दीत गेल्या. नव्या हिशेबाने मांडून पाहिले तर तिला साडेचार मिळायला हवे होते. अर्धा मी कापला असता, कारण त्या दुसऱ्या कामगाराबद्दल तिने काही लिहिले नव्हते. तो कथेत कशाला आहे, हे तिला विचारायला हवे होते. तिच्याकडे त्याचेही उत्तर असणार, असे मला आता वाटते.